नैरोबीला येताय? मग मसाईमाराच्या आधी शहराला तीन दिवस द्या

आपल्याकडचे बहुतेक लोक नैरोबीला फक्त उतरतात. रात्री विमान, सकाळी जीप, की थेट मसाईमारा, आणि परत येताना एक रात्र कुठल्यातरी हॉटेलात. गेली काही वर्षं मी इथे राहतेय आणि दर सीझनला ओळखीतलं कोणी ना कोणी येतं, त्या प्रत्येकाला मी हेच सांगते की बाबांनो शहर बघा, तीन दिवस तरी द्या. दरवेळी तेच तेच मेसेज टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढलंय, लांब झालंय पण वाचा.

आधी एक गैरसमज. आफ्रिका म्हणजे ऊन, घाम, डास असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १७९५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. विषुववृत्ताच्या अगदी जवळ असूनही इथे घरात पंखे नसतात. नावसुद्धा मसाई भाषेतल्या थंड पाण्यावरून आलंय. जून ते ऑगस्ट आभाळ भरलेलं, रात्री तापमान १०-१२ डिग्रीपर्यंत उतरतं, तेव्हा स्वेटर आणि जाड मोजे पाहिजेतच. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर शेवट ते डिसेंबर छोटा पाऊस. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात छान, कोरडं आणि उबदार. दिवस वर्षभर जवळजवळ सारखाच, सकाळी साडेसहाच्या आसपास उजाडतं आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला अंधार पडतो, आणि पडतो तो एकदम, आपल्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ इथे नाही. फिरायचा प्लॅन त्या हिशोबानेच करा.

निघण्याआधी

सगळ्यात पहिलं काम यलो फीव्हरची लस. हे मी तिकिटाच्याही आधी सांगते कारण लोक नेमकं हेच विसरतात. केनियाहून भारतात परत येताना तुमच्याकडे यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. नसेल तर परत आल्यावर क्वारंटाईनमध्ये बसावं लागू शकतं. लस सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते, तिथे ठराविक वार असतात आणि अपॉइंटमेंट लागते, म्हणून महिनाभर आधीच फोन करून ठेवा. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. लहान मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका यांनी आधी डॉक्टरांशी बोला. नैरोबीत उंचीमुळे मलेरिया फार कमी आहे, पण पुढे मोम्बासा किंवा मारा करणार असाल तर गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

दुसरं, ईटीए. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि त्याऐवजी ऑनलाइन परवानगी आली. फॉर्म सोपा आहे, पासपोर्ट, फोटो, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट एवढंच. पण गुगलवर शोधलं की सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारचं डोमेन आहे ना ते बघूनच कार्ड टाका. आठवडाभर आधी भरलं म्हणजे डोक्याला ताप नाही. केनियाबरोबर युगांडा आणि रवांडाही करणार असाल तर तिघांचा मिळून एक ईस्ट आफ्रिका व्हिसा असतो, १०० डॉलरचा, तो परवडतो.

बॅग भरताना एक गोष्ट आपल्या लोकांना फार जड जाते, ती म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. चिवडा एका पिशवीत, चपला दुसऱ्या, ओले कपडे तिसऱ्या, ही सवय इथे चालत नाही. ऑगस्ट २०१७ पासून केनियात कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यात दंड, तुरुंग सगळं आहे. कापडी पिशव्या आणा, खाऊ डब्यांत भरा. सोबत स्टीलची पाण्याची बाटली हवीच, कारण नॅशनल पार्कमध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या नेता येत नाहीत. मिलिटरीसारखे छापील कपडे घरीच ठेवा, सामान्य माणसाने ते घालणं इथे बेकायदेशीर आहे. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा, तो अडॅप्टर मुंबईतूनच घेऊन या.

उतरल्यावर पहिला तास

मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात आणि घड्याळ अडीच तास मागे करायचं. एअरपोर्टवर थोडे पैसे बदला, डॉलर आणा पण नोटा नवीन आणि न दुमडलेल्या, जुन्या सालच्या नोटा बरेच जण घेत नाहीत. शिलिंग आपल्या रुपयापेक्षा थोडा स्वस्त आहे त्यामुळे किमतीचा अंदाज पटकन येतो.

मग लगेच सिम कार्ड. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि तिथेच एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, चालू करून मागा, पर्यटकांनाही मिळतं. हे न करता पुढे जाऊ नका. एम-पेसा इथे २००७ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी, आणि साध्या बटणाच्या फोनवर चालतं. भाजीवाली, बूट पॉलिशवाला, देवळातली दानपेटी, सगळीकडे टिल नंबर, म्हणजे पैसे घेणाऱ्याचा एम-पेसा नंबर, लिहिलेला असतो, तो टाकायचा, रक्कम टाकायची, पिन, की झालं. पैसे द्यायच्या आधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं ते वाचून बघा, हीच काय ती काळजी. पैसे भरायला आणि काढायला गल्लोगल्ली हिरव्या रंगाची एजंटची दुकानं आहेत. पेसा हा शब्द आपल्या पैशावरूनच आलाय. स्वाहिलीत असे शब्द भरपूर, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, लाकी म्हणजे लाख. पहिल्या दिवशी पाट्या वाचताना मजा येते.

एअरपोर्टवरून रात्री उतरलात तर हॉटेलची गाडी किंवा ॲपची टॅक्सी, बाहेर घोळका करणाऱ्यांशी बोलत बसू नका. ड्रायव्हर विचारेल एक्सप्रेसवेने जायचं का, तो २०२२ मध्ये झालेला २७ किलोमीटरचा टोलचा उड्डाणरस्ता आहे, टोल तुम्हाला द्यावा लागतो पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो वाचवायला जाऊ नका, अर्ध्या तासाच्या जागी दोन तास जातील.

राहायचं कुठे

सरळ सांगते, पहिल्यांदा येत असाल आणि शाकाहारी असाल तर पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्स. पार्कलँड्स हा जुना आशियाई भाग, देवळं, मशिदी, गुरुद्वारे, भारतीय किराणा, चांगली हॉस्पिटलं सगळं चालत्या अंतरावर. डायमंड प्लाझात गेलात तर पाणीपुरीपासून पानापर्यंत सगळं मिळेल आणि आजूबाजूला गुजराती, पंजाबी, कच्छी ऐकू येईल. मराठी माणसंही आहेत, इथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीच्या दिवसांत आलात तर नक्की चौकशी करा. प्राण्यांसाठीच आला असाल आणि बजेट जास्त असेल तर कॅरेन किंवा लँगाटा, तिकडे झाडी आहे, शांतता आहे, पण रात्री जेवायला बाहेर पडायचं म्हणजे दरवेळी गाडी. किलिमानी हा या दोन्हींच्या मधला पर्याय, तरुण मंडळींना आवडतो. शहराच्या मध्यात, ज्याला इथे सगळे टाऊन म्हणतात, तिथे दिवसा फिरा पण मुक्काम नको, रात्री आठनंतर तो भाग परक्या माणसासाठी नाही.

फिरायचं कसं

टॅक्सीसाठी उबर आणि बोल्ट दोन्ही चालतात, ड्रायव्हर फोन करून कुठे जायचंय आणि कॅश की एम-पेसा ते विचारतो, त्यात काही वावगं नाही. बसायच्या आधी नंबरप्लेट बघा. बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, ट्रॅफिकमधून सुसाट काढतात, पण अपघातही फार होतात, मी घरच्यांना बसू देत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

आता मटाटू. हा या शहराचा जीव आहे. मिनीबस म्हणा हवं तर, पण आतबाहेर रंगवलेल्या, मोठ्या खेळाडूंची आणि गायकांची चित्रं, जांभळे दिवे, टीव्ही स्क्रीन आणि छातीत धडधडेल एवढं गाणं. अशा सजवलेल्या गाडीला न्गान्या म्हणतात आणि पोरं त्यासाठी दोन साध्या गाड्या सोडतात, विशेष करून रोंगाईच्या मार्गावर. एकदा तरी दिवसा, गर्दी नसताना बसाच. पद्धत अशी की काचेवर रूट नंबर असतो, दारात लटकलेला कंडक्टर भाडं ओरडत असतो, चढायच्या आधी त्याला भाडं विचारा. शहरात साधारण ५० ते १०० शिलिंग, पण पाऊस आला किंवा ऑफिस सुटायची वेळ झाली की तेच भाडं दीडपट-दुप्पट होतं आणि यावर कोणी वाद घालत नाही, पावसाचं भाडं वेगळं हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. सुट्टे पैसे हातात ठेवा, खिडकीजवळ बसलात तर फोन खिशात. उतरायचं असलं की मोठ्याने "शुकिशा" म्हणा, गाडी थांबते.

फोनचं मी उगाच सांगत नाहीये. पहिल्याच वर्षी सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीत काच खाली करून मी मॅप बघत होते, हात आला आणि फोन गेला, एका सेकंदात. कोणी मारलं नाही, धमकावलं नाही, पण सगळे फोटो गेले. तेव्हापासून काच वर, फोन मांडीवर. रस्त्यावर चालताना मॅप बघायचा असेल तर दुकानात शिरा, तिथे बघा, मग निघा. सोन्याची चेन, मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत. अंधार पडल्यावर दोनशे मीटरसाठीसुद्धा टॅक्सी. मॉलच्या दारात बॅग तपासतात, गाडीखाली आरसा फिरवतात, हे सगळीकडे आहे, घाबरायचं कारण नाही. सरकारी इमारती, पोलीस, सैनिक यांचे फोटो काढू नका. आणि टाऊनला जायच्या दिवशी सकाळी बातम्या बघा, २५ जून आणि ७ जुलै या तारखांना आंदोलनं होतात, रस्ते बंद करतात, त्या दिवशी टाऊन टाळा. मदतीसाठी ९९९ किंवा ११२.

हे वाचून शहर भीतीदायक वाटू देऊ नका. एवढी माणुसकी असलेली माणसं मी फार कमी ठिकाणी बघितली. फक्त इथला रिवाज असा की कुणाला काही विचारायच्या आधी विचारपूस करायची. थेट "टॉयलेट कुठाय" असं विचारणं उद्धट समजतात. आधी "हबारी", समोरचा म्हणेल "म्झुरी", मग कामाचं बोला. तरुण पोरं "माम्बो" म्हणतील, उत्तर "पोआ". आभारासाठी "असान्ते साना". कुणाचं काही पडलं, ठेच लागली तर "पोले", तुमची चूक नसली तरी म्हणायचं, ती सहानुभूती आहे. रस्त्यात कोणी तुम्हाला "मुहिंदी" म्हणून हाक मारली तर राग मानू नका, भारतीय माणसाला तो साधा शब्द आहे. आणि वेळेचं एक, स्वाहिलीत घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं, त्यामुळे "सा मोजा", म्हणजे शब्दशः एक वाजता, हे सकाळचे सात असतात. इंग्रजीत बोलताना नेहमीचीच वेळ सांगतात, पण ड्रायव्हरशी पहाटेचं ठरवताना दोनदा विचारून घ्या.

तीन दिवस असे घालवा

पहिला दिवस टाऊनचा, आणि सुरुवात रेल्वे म्युझियमपासून. का, तर हे शहरच रेल्वेने वसवलंय. मोम्बासाहून निघालेला रूळ १८९९ साली इथे पोचला तेव्हा इथे दलदल होती, पुढे घाट चढायच्या आधी सामान ठेवायला डेपो टाकला आणि त्याचं शहर झालं. तो रूळ टाकायला भारतातून, मुख्यतः पंजाबमधून, साधारण ३२,००० मजूर आणले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले, रोगाने, अपघातात, काही सिंहांच्या तोंडी. म्युझियममध्ये तो डबा अजून उभा आहे ज्यातून १९०० साली चार्ल्स रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला सिंहाने ओढून नेलं होतं. डब्यात चढता येतं, खिडकी बघा, खूप वेळ बोलवत नाही.

तिथून मोई ॲव्हेन्यूने वर या. वाटेत ७ ऑगस्ट १९९८ च्या बॉम्बस्फोटाचं स्मारक लागतं, अमेरिकन वकिलातीची इमारत जिथे होती तिथेच, २१३ माणसांची नावं भिंतीवर. पुढे नॅशनल आर्काइव्ह्जची दगडी इमारत, आणि इथे गोव्याच्या लोकांनी तर थांबलंच पाहिजे. आत जोसेफ मुरुम्बी यांचा संग्रह आहे, मुखवटे, दागिने, कापड, आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातून जमवलेलं. मुरुम्बी हे केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष, वडील गोंयकार व्यापारी आणि आई मसाई. त्यांचे जवळचे मित्र पियो गामा पिंटो, तेही मूळ गोव्याचेच, नैरोबीत जन्मले, गोवामुक्तीसाठी झटले, मग केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला त्यांना इथेच गोळ्या घालून मारलं. स्वतंत्र केनियातली ती पहिली राजकीय हत्या. पार्कलँड्सच्या सिटी पार्कमध्ये दोघांच्याही समाध्या आहेत. आपल्या शाळेत हे कधीच शिकवलं नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं. आणखी एक गोंयकार, डॉक्टर रोझेंडो रिबेरो, १९०० साली आले आणि पेशंट बघायला चक्क झेब्रावर बसून जायचे.

दुपारी बियाशारा स्ट्रीट, ही पूर्वीची इंडियन बाजार. इथे कांगा घ्या, सुती रंगीत कापडाची जोडी, प्रत्येकावर स्वाहिलीत एक म्हण छापलेली असते, दुकानदाराला अर्थ विचारूनच द्या कुणाला, काही म्हणी टोमण्याच्या असतात. शनिवार असेल तर टाऊनमध्येच मसाई मार्केट भरतं, इतर दिवशी वाराप्रमाणे जागा बदलते. किसी नावाच्या भागातल्या मऊ दगडाच्या वस्तू, विणलेल्या कियोंडो टोपल्या छान. पहिल्या भावाच्या निम्म्यापासून सुरू करा, हसत हसत, पण शेवटच्या पन्नास शिलिंगसाठी ताणू नका.

दुसरा दिवस जनावरांचा. पहाटे सहाला नैरोबी नॅशनल पार्कच्या गेटवर हजर राहा, टाऊनपासून जेमतेम सात किलोमीटर. १९४६ साली झालेलं केनियातलं हे पहिलं नॅशनल पार्क, साधारण ११७ चौरस किलोमीटर, सिंह, गेंडे, जिराफ, म्हशी आणि मागे शहराचे टॉवर. हत्ती मात्र नाहीत. तिकीट ऑनलाइनच, गेटवर कॅश घेत नाहीत, आदल्या रात्रीच सरकारी ईसिटिझन पोर्टलवर काढा आणि चालू दरही तिथेच बघा. सहा ते नऊ हीच वेळ, नंतर सिंह गवतात आडवे होतात. वर उंच खांबांवरून नवी रेल्वेलाइन पार्कच्या आरपार गेलीय, त्याखालून जिराफ चालतात, यावर इथे मोठी भांडणं झाली होती आणि ते बघताना मलाही अजून खुपतं.

तिथून बाहेर पडून शेल्ड्रिक ट्रस्टचं हत्तींचं अनाथालय. आई गमावलेली पिल्लं, बाटलीने दूध पितात, चिखलात लोळतात. सकाळी ११ ते १२ एवढाच तास आणि बुकिंग बरंच आधी करावं लागतं, सुट्टीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे भरलेलं असतं, म्हणून विमानाचं तिकीट निघालं की पुढचं बुकिंग हेच करा. मग जिराफ सेंटर, हातातून खाद्य देता येतं, मुलं सोबत असतील तर इथे दीड तास जातोच.

तिसरा दिवस हळू. सकाळी करुरा जंगल, शहराच्या पोटात हजारेक हेक्टरचं, धबधबा आहे, ब्रिटिशांविरुद्धच्या माऊमाऊ लढ्यातल्या गुहा आहेत, सायकल भाड्याने मिळते. हे जंगल आज आहे ते पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई यांच्यामुळे. नव्वदच्या दशकात बिल्डरांना जमिनी वाटल्या जात होत्या तेव्हा त्या रोपं घेऊन गेटवर आल्या, जानेवारी १९९९ मध्ये त्यांना तिथे मार खावा लागला, डोकं फुटलं, तरी मागे हटल्या नाहीत. २००४ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आरे आणि ताम्हिणीवर जीव असणाऱ्यांनी तर इथे यावंच. दुपारी नॅशनल म्युझियम, तुर्काना भागात सापडलेल्या आदिमानवांच्या हाडांसाठी.

खायचं काय

भारतीय जेवण सगळीकडे आहे, पण माझं ऐकाल तर एकदा साध्या स्थानिक खानावळीत जा आणि न्देंगू-चपाती मागा. न्देंगू म्हणजे मूग, आपली मुगाची उसळच, थोडी पातळ आणि कमी तिखट. चपाती इथली जाड, पदर सुटलेली, तेलकट, आपल्या चपातीची ही बहीण मजुरांबरोबर आली आणि आता ख्रिसमसला इथल्या प्रत्येक घरात होते. शाकाहाऱ्यांसाठी गिथेरी म्हणजे मका आणि राजमा, सुकुमा विकी म्हणजे हिरवी पालेभाजी परतून, सोबत उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडून खायचा, भाकरी खाणाऱ्याला जमतो. "बिला न्यामा" म्हणजे मांस न घालता, हे दोन शब्द पाठच करा, तरीही रस्सा कशाचा आहे ते विचारा. मांसाहारी असाल तर न्यामा चोमा, कोळशावर भाजलेलं बकरं, मीठ आणि काचुंबारी, आपली कोशिंबीरच. किलोने मागवतात आणि यायला तासभर लागतो, भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या. मारू भजिया म्हणजे बटाट्याच्या पातळ कापांची कोथिंबीर लावलेली भजी, ती नैरोबीतल्या गुजराती लोकांची देणगी, पाऊस पडत असेल तर सोडू नका. नळाचं पाणी पिऊ नका.

परत निघताना

एअरपोर्टसाठी विमानाच्या चार तास आधी हॉटेल सोडा. गेटच्या आधी गाडी थांबवून प्रवाशांना उतरवतात, चालत तपासणीतून जावं लागतं, मग गाडी पुढे येऊन घेते, त्यामुळे पासपोर्ट आणि पाकीट हातातच ठेवा. एम-पेसातले उरलेले पैसे आदल्या दिवशी एजंटकडून काढून घ्या. कॉफी एअरपोर्टवर महाग, सुपरमार्केटमधून घ्या, डबल ए म्हणजे दाण्याचा आकार, तो मोठा. आणि यलो फीव्हरचं ते पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, मुंबईत इमिग्रेशनच्या आधीच मागतात, तेव्हा बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.